उंडीवाडी, सर्व सुखरूप

तुफानाच्या आदल्या दिवशी दाजी, माझे वडील, वाडीतले दरवाजे मोजत होते. हातात शिंप्याची टेप, कानावर पेन्सिल, बगलेत निळ्या पुठ्ठ्याची वही. दिवाळीला आठ दिवस होते. मी सकाळीच मुंबईच्या बोटीने मालवणला उतरले होते आणि अंगातलं डोलणं अजून गेलं नव्हतं. ओटीवर बसलं तरी खांब हळूच एका बाजूला कलतोय असं वाटायचं. आईने पोह्यांसाठी भिजवलेलं भात रोवळीत निथळत ठेवलं होतं. उंडीवाडी म्हणजे वाळूची एक लांब पट्टी, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मधे अठरा घरं, एक देऊळ आणि उंडीची जुनी झाडं. मालवणला जायचं तर बाबलीच्या होडीतून खाडी ओलांडायची आणि मग तीन मैल चालायचं. दाजी ते रोज करत. मामलेदार कचेरीत ते अव्वल कारकून होते. "दरवाजे कित्याक मोजतत ते?" मी आईला विचारलं. "तेंकाच इचार," आई म्हणाली. "गेल्या साली शिडये मोजल्यानी. तेच्या आदी खंयच्या घरात शंख वाजता ता लिवन घेतल्यानी. औंदा दरवाज्यांचो नंबर." शेजारच्या घरात हौसाकाकी खाटेवर पडून असायची. दोन वर्षांपूर्वी तिचे पाय गेले होते, तोंड मात्र शाबूत होतं. दाजी तिच्या चौकटीला टेप लावत होते तेव्हा आतून आवाज आला, "काय रे भिकाजी, माका भायर काढूचा माप घेतंस काय? बरा घे. दिसतंय तेच्यापरास मी रुंद आसंय." दाजी टेपवरून नजर न काढता म्हणाले, "काकी, तुमी मावतलात. जीभ तेवडी भायर रवतली." काकी एवढी हसली की खाट करकरली. आईही हसली, पदर तोंडाला लावून, आणि रोवळी हलवत राहिली.

दरवाजा बिजागरीतून हाताने निघत असेल तर त्यावर माणूस निजवून नेता येतो, हे दाजींनी मला जेवताना सांगितलं. रुंदी दोन हातांपेक्षा जास्त असेल तर उचलायला चार माणसं, कमी असेल तर दोन. वहीत प्रत्येक गावाला पानं होती. कुणाच्या घराला मंगलोरी कौलं, कुणाचं माडाच्या झापांचं छप्पर, कुणाकडे गॅसबत्ती, कुणाकडे सायकल, कुठली शाळा उंचावर, कुठल्या घरात चालता न येणारं माणूस. तालुकाभर ते रविवारी रविवारी हिंडले होते, आणि ते त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. मुंबईच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करत होते आणि मिळेल ते वाचत होते. युद्धांचे इतिहास, प्रवास, जहाजं बुडाल्याच्या हकिकती. माझ्या वाचनात मोठ्या गोष्टी मोठ्या ठिकाणी घडत. मी म्हटलं, "दाजी, ही वही वाचून तुफान परत जातला काय?" ते भात कालवत होते. "तुफान कित्याक वाचीत?" ते म्हणाले. "मी वाचतंय." त्यांना लागलं असेल असं मला तेव्हा वाटलं नाही. आईने त्यांच्या पानात आमटी वाढली आणि माझ्याकडे पाहिलं नाही. चार वाजता बंदरावर वादळाचा बावटा चढला. वाडीच्या टोकावरून तो दिसायचा. थोड्या वेळाने पलीकडच्या काठावरून कचेरीच्या शिपायाने हाक मारली, आणि दाजी वही धोतराच्या सोग्यात गुंडाळून, सदरा न बदलता, बाबलीच्या होडीत बसले. तो दिवस तिथे संपला. पुढे कितीदा मी तो दिवस सुरुवातीपासून आठवून पाहिला आहे. प्रत्येक वेळी तो तेवढाच साधा राहतो. त्यात कुठे काही खूण नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा दक्षिणेकडून वाहत होता आणि समुद्राचा आवाज बदलला होता. लाट फुटल्यावर मधे जी शांतता असते ती नव्हती. आईने दाजींसाठी डबा आणि कोरडे कपडे बांधून दिले. "ह्या पोचय आनि थंयच रव," ती म्हणाली. "मागीर होडी चालाची नाय." मी म्हटलं, तू पण चल. "माका काय झाला? पोहे कांडूचे आसत." मग जरा थांबून, "हौसाकाकीक सोडून खंय येव?" तिचे हात भाताच्या पाण्याने सुरकुतले होते. मी होडीत बसले तेव्हा ती काठावर आली नव्हती. हे मला चांगलं आठवतं, कारण पुढे बाबलीने जे सांगितलं त्यात ती काठावर आली होती.

कचेरीची मी लहानपणापासून पाहिलेली खोली ती नव्हती. दप्तराचं कपाट भिंतीकडे सरकवलं होतं. मधोमध दोन टेबलं जोडून त्यावर पाटी, खडू, घड्याळ. भिंतीवर तालुक्याचा मोठा नकाशा, कापडावर चिकटवलेला, घड्यांवर फाटलेला. त्यात टाचण्या टोचलेल्या आणि प्रत्येक टाचणीला दोऱ्याचं टोक. पांढरं म्हणजे विचारलंय, उत्तर नाही. तांबडं म्हणजे मदत पाहिजे. हिरवं म्हणजे सुखरूप. कोपऱ्यात पोलिसांचं बिनतारी यंत्र खरखरत होतं. तारघराचा माणूस ओल्या छत्रीसकट येई, तार देई, जाई. बंदर कचेरीतून दर अर्ध्या तासाला वारा आणि पाणी यांचे आकडे येत आणि पाटीवर लिहिले जात. मामलेदार साताऱ्याकडचे, तरुण, तीन महिन्यांपूर्वी आलेले. त्या पावसाळ्यात पुण्याला धरण फुटलं तेव्हा ते तिकडे होते. काय पाहिलं ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही, पण कोकणात आल्यावर दाजींची वही त्यांनी एका बैठकीत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, आणि त्या दिवशी स्वतःची खुर्ची दाजींना देऊन ते टेबलाच्या कडेला उभे राहिले. सही लागली की सही करत. बाकी वेळ नकाशाकडे बघत. माझे दाजी, ज्यांना आत्तापर्यंत मी कुणीतरी हाक मारल्यावर उठणारे म्हणूनच पाहिलं होतं, त्या खुर्चीत बसले होते, आणि आवाज न चढवता बोलत होते.

डबा ठेवून मी निघणार होते. दाजींनी वर पाहिलं. "बसा," ते म्हणाले. "अक्षर चांगलं आहे तुमचं." ते मला तुम्ही म्हणाले, आणि कचेरीच्या मराठीत. आमच्या घरात ती भाषा फक्त कागदावर असे. मी बसले. त्यांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. "गावाचं नाव, वेळ, निरोप, आणणाऱ्याचं नाव. वर अनुक्रमांक. आपलं काही घालायचं नाही." मग बाकीच्यांना उद्देशून, पण बहुधा माझ्यासाठीच, आपल्या बोलीत, "हयसर नात्याचो कोण नाय. जेचो नंबर तेचो नंबर." कुणीतरी हसलं. म्हातारा शिपाई परशुराम म्हणाला, "माझो जावय तोंडवळीक आसा तो आधीच नात्यात नाय, काय फरक पडाचो नाय." दाजी म्हणाले, "तेचा नाव काय? चिठ्ठी करा." आणि खरोखर परशुरामाच्या जावयाची चिठ्ठी झाली, नंबर सतरा.

त्या सकाळचं मी काय सांगू. माणूस येई, भिजलेला, धापा टाकत, एकाच वेळी दहा गोष्टी सांगत. त्यात त्याची म्हैस, त्याचा शेजाऱ्याशी भांडणाचा जुना विषय, देवाचं नाव, आणि कुठेतरी मधे, आचऱ्याच्या वाटेवरचा साकव वाहून गेला हेही असे. दाजी एकच प्रश्न विचारत. त्या प्रश्नाने साकव बाकीच्यातून सुटा होऊन वर येई. मी लिही. चिठ्ठी नकाशापाशी जाई. टाचणी हले. दुसरीकडून, वहीतून, त्या साकवाच्या अलीकडे कुणाकडे गॅसबत्ती आहे, कुणाचा आवाज लांब जातो, कुणाचा दरवाजा निघतो हे बाहेर येई आणि सायकलवर बसून पावसात निघून जाई. मी पुस्तकात सेनापती वाचले होते. त्यांना टेकडीवरून सगळं दिसे. इथे कुणालाच काही दिसत नव्हतं. खिडक्या बंद, दहा वाजता दिवा लावायला लागेल असा अंधार, कौलांवर पाऊस. आणि तरी त्या बंद खोलीत मला, आयुष्यात पहिल्यांदा, तालुका दिसत होता. खाड्या, सडे, खाजणं, बेचाळीस गावं, सगळी एकाच वेळी श्वास धरून असलेली. एक तालुका विचार करतोय आणि मी त्याच्या विचारातला एक अक्षराचा फटकारा आहे, असं मला वाटलं. मुंबईच्या ग्रंथालयात माझ्या अक्षराची कुणी वाट पाहत नव्हतं. इथे मी लिहून पुरं करण्याच्या आत हात पुढे येत होते. मी सुखी होते. हे लिहायला मला फार वर्षं लागली. त्या सकाळी साडेनऊपासून अकरापर्यंत मी जितकी सुखी होते तितकी नंतर किंवा आधी कधी नव्हते.

आईच्या माहेरचे सगळे पाण्यावरचे. आजोबा गलबतावर, मामा बोटीवर. त्या घरांची एक रीत होती. पाण्यावर असलेल्या माणसाला वाईट बातमी पाठवायची नाही. तो जमिनीला पाय लावेपर्यंत त्याच्यासाठी घरी सगळं बरं असतं. शंकरमामा बसऱ्याच्या फेरीला असताना आजी गेली. त्यानंतर अकरा महिने आईने त्याला पत्रं लिहिली, आई बरी आहे, तुझी आठवण काढते. मी तेव्हा आठ वर्षांची होते आणि दोन पत्रं तिने माझ्याकडून लिहून घेतली होती, माझ्या संपत आलेल्या शुद्धलेखनाच्या वहीच्या उरलेल्या पानांवर. मामा आला, बंदरावर उतरला, आईने त्याच्या पायांवर घागर ओतली आणि मग सांगितलं. तो म्हणाला, "माका बसऱ्याच्या बाजारात समाजला. तू सलग तीन पत्रात लिवलंस, आई बरी आसा." म्हणजे फसवणूक कुणाची होत नव्हती. एकदा लिहिलं तर बरं असे. दोनदा लिहिलं की माणूस सावध होई. तीनदा लिहिलं की तो डेकवर एकटा जाऊन बसे. दाजी कट्टा गावाकडचे, शेतकऱ्यांच्या घरातले. त्यांच्याकडे कुणी आजारी पडलं तर दोन डोंगर ओरडत माणूस येई आणि आल्याबरोबर तोंडावर सांगे. मामाची ही गोष्ट त्यांना विनोदी वाटायची. "तुमच्याकडे मेलेला माणूसव बरा आसता," ते आईला म्हणायचे. गोष्ट त्यांना ठाऊक होती. रीत ज्याच्या कानात लहानपणापासून पडली नाही त्याला ती ऐकू येत नाही, आणि माझ्या कानात ती पडली होती.

अकराला दहा मिनिटं कमी असताना बाबली दारात उभा राहिला. खाडीचा तारी, पन्नाशीचा, कोरडा म्हणून कधी पाहिलेला नाही असा माणूस, पण त्या दिवशी तो छातीपर्यंत चिखलाने रंगला होता. छातीपर्यंत. होडीतून आलेल्या माणसाचे पाय भिजतात. मी ते पाहिलं. दाजी बिनतारीपाशी वाकले होते. बाबली माझ्याकडे आला. "वयनीन सांगल्यान," तो म्हणाला, "हंय सगळा बरा आसा, आमची काळजी करू नकात, दाजींका सांग." मी लेखणी टेकवली. "दोनदा सांगल्यान," बाबली म्हणाला. "मी होडयेत चढलंय तरी काठार इली नि परत सांगल्यान. सगळा बरा आसा. मी म्हटलंय, ऐकला गो बाये, एकदा ऐकला." आणि तो भिंतीला टेकून खाली बसला आणि त्याने डोळे मिटले.

माझ्या हाताने लिहिलं. अनुक्रमांक एक्केचाळीस. उंडीवाडी. दहा पन्नास. सर्व सुखरूप. बाबली तारी. माझं अक्षर त्या चिठ्ठीवर जसं आलं तसं कधी आलं नव्हतं. दोनदा हा शब्द मी लिहिला नाही, कारण तो निरोप नव्हता, निरोपाविषयी होता. काठावर आली हे लिहिलं नाही. छातीपर्यंतचा चिखल लिहिला नाही. आपलं काही घालायचं नाही. दाजी वळले, चिठ्ठी हातात घेतली. "निरोप कुणाचा?" "घरचा." त्यांनी चिठ्ठी पुन्हा वाचली. "तिनेच दिला?" "हो," मी म्हटलं. ते उठले आणि स्वतः हिरव्या दोऱ्याची टाचणी लावली.

त्याच वेळी निर्णय व्हायचा होता. बांधकाम खात्याचा एकच ट्रक होता, त्यावर दोन होड्या बांधलेल्या आणि दांडीच्या किनाऱ्यावरचे दहा गडी बसलेले. उत्तरेला खाजणवाडीच्या बांधावर तेवीस माणसं अडकली होती. दक्षिणेला आमची पट्टी. साडेतीनला भरती होती, वाटेत पाणी, आणि ट्रक एकाच बाजूला जाऊ शकत होता. दक्षिणेला तांबडी टाचणी एकही नव्हती. ट्रक सोडण्याआधी दाजी प्रत्येक वेळी खोलीला विचारत, "कुणाचं काही राहिलं?" आणि पाच श्वास थांबत. हे ते कुठे शिकले होते मला माहीत नाही. त्या पाच श्वासांत शिपायापासून मामलेदारापर्यंत कुणीही बोलू शकत असे, आणि सकाळपासून दोनदा त्यातून काहीतरी निघालं होतं. एकदा तर परशुरामाने एका पुलाची आठवण करून दिली होती, ज्यावरून ट्रक गेला असता तर परत आला नसता. "कुणाचं काही राहिलं?" दाजींनी विचारलं. कौलांवरचा पाऊस तेवढा ऐकू येत होता. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. दाजी, आईने दोनदा सांगितलंय. चार शब्द. ते वाक्य त्या खोलीत कसं दिसेल हे मी पाहिलं. नकाशापुढे, तेवीस माणसांपुढे, कारकुनाची मुलगी म्हणतेय की आमच्याकडे बरं आहे म्हणतात तेव्हा बरं नसतं, ट्रक आमच्या घरी पाठवा. मला लाज वाटली हे खरं. दाजींना निवड करावी लागू नये असं वाटलं, हेही खरं. पण त्याच्याही खाली काही होतं, आणि तेच मला अजून टोचतं. ती खोली इतकी सुंदर चालली होती. माझ्या वाक्याने तिचा ताल मोडला असता. ज्याच्यापुढे मान आपोआप झुकावी असं काहीतरी मी पहिल्यांदा पाहत होते, आणि मान झुकलेली असताना तोंड उघडत नाही. पाच श्वास संपले. "ट्रक खाजणवाडीला," दाजी म्हणाले.

सव्वादोनला निरोप आला, तेवीसच्या तेवीस, त्यात एक बाळंतीण. कुणी ओरडलं नाही. परशुरामाने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि पुन्हा घातली. पाच वाजता उंडीवाडीचा पोलीस पाटील दारात आला, दोन माणसांच्या आधाराने. भरतीला समुद्र आणि खाडी पट्टीवर एकमेकांना भेटली होती. माणसं देवळाच्या माळ्यावर आणि उंडीच्या झाडांवर चढली होती, बरीचशी वाचली होती. दोन सापडत नव्हती. पाटलाने हे दाजींना सांगायच्या ऐवजी माझ्याकडे बघून सांगितलं. "नावं," दाजी म्हणाले. "नावं सांगा. वय सांगा." त्यांनी माझ्यापुढून कोरी चिठ्ठी ओढून घेतली आणि दिवसभरात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने लिहिलं. हौसाबाई, वय एकोणसत्तर, पायांनी अधू. आनंदी, वय सत्तेचाळीस. सत्तेचाळीस लिहिताना त्यांनी एकदा खोडलं, कारण आधी शेहेचाळीस लिहिलं होतं. मग नकाशापाशी गेले, हिरवी टाचणी काढली, तांबडी लावली, खुर्चीत येऊन बसले आणि म्हणाले, "पुढचा." दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते त्या खुर्चीतून उठले नाहीत. त्यांचा आवाज शेवटपर्यंत चढला नाही की उतरला नाही. मी लिहीत राहिले. दोघींचा पत्ता तिसऱ्या दिवशी लागला, खाडीच्या वरच्या अंगाला. आईने हौसाकाकीला आपल्या कमरेशी लुगड्याने बांधून घेतलं होतं.

पुढची पाच वर्षं मी मुंबईत होते आणि दाजी कचेरीजवळच्या एका खोलीत. वाडीत ते पुन्हा राहायला गेले नाहीत. पत्रांत ते पावसाचं, आंब्याचं, कुणाच्या लग्नाचं लिहीत. मला त्यांनी त्या चिठ्ठीविषयी कधी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. ग्रंथालयात एखादी मैत्रीण सहज विचारायची, घरी सगळं बरं ना, आणि माझ्या हातातला शिक्का अर्ध्यावर थांबायचा. मग मी म्हणायची, हो. एकदाच म्हणायची, काळजीपूर्वक. कधी मला वाटे, त्यांना कळलं होतं. तिनेच दिला, हे त्यांनी उगाच विचारलं नसणार. रीत त्यांना उमगत होती आणि त्यांनी मला एक दार उघडून दिलं होतं, मी ते लावून घेतलं. कधी वाटे, त्यांच्या डोक्यात त्या क्षणी बेचाळीस गावं होती आणि आई त्यांच्यातली एक होती. आणि या दोन्हींच्या पलीकडे आईचा विचार येई, तेव्हा माझी बुद्धी चालेनाशी होई. तिने त्या दिवशी दाजींना पाण्यावर धरलं होतं. एका बंद खोलीत, कोरड्या खुर्चीत बसलेला माणूस जहाजावर आहे, हे तिला वाडीतल्या काठावर उभं राहून कळलं होतं. त्या खोलीचं मोठेपण मी आत बसून पाहिलं. तिने न पाहता ओळखलं, आणि त्याला जे द्यायचं ते दिलं. दुसऱ्यांदा का सांगितलं मग? दुसरा निरोप दाजींसाठी नव्हता. तो ज्याला ऐकू येतो अशा एकाच माणसासाठी होता, आणि ते माणूस तिथे बसलंय हे तिला माहीत होतं.

सहासष्टच्या मे महिन्यात मी रजेवर आले. दाजी निवृत्त झाले होते, डाव्या डोळ्यावर मोतीबिंदूची पट्टी होती. पंचायत समितीच्या नव्या दालनात प्रांतसाहेबांनी सभा बोलावली होती. तलाठी, ग्रामसेवक, नवे अधिकारी, पन्नास-साठ माणसं. पावसाळ्याआधी आपत्तीची खोली कशी चालवायची हे दाजींनी सांगावं असं ठरलं होतं. वही वाचून दाखवायला मी शेजारी बसले. नवीन नकाशा होता, फोन तीन होते. दाजी तासभर बोलले, कचेरीच्या मराठीत, पूर्वीसारख्याच आवाजात. दरवाजे, शंख, पाच श्वास. तरुण मुलं आधी कुजबुजत होती, मग त्यांनी कागद काढले. मी त्या चेहऱ्यांवर तेच पाहत होते जे एका सकाळी माझ्या चेहऱ्यावर असलं पाहिजे. शेवटी ते म्हणाले, "एक नियम मी केला होता. निरोप लिहिणाऱ्याने आपलं काही घालायचं नाही. तो नियम चुकीचा आहे. तो खोडा." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "बरं आहे, हा निरोप नाही. पाणी कुठवर आलं, निरोप देणारा कुठे उभा होता, घरात चालता न येणारं कोण, हे विचारल्याशिवाय हिरवी टाचणी लावायची नाही. आणि निरोप घेणाऱ्याला त्या घराची काही माहिती असेल तर ती त्याने सांगितलीच पाहिजे. एकसष्ट साली एक्केचाळीस नंबरची चिठ्ठी आली. उंडीवाडी, सर्व सुखरूप. मी ती वाचून टाचणी लावली. दोन माणसं गेली. चूक माझी होती."

ती दोन माणसं कोण हे तिथल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं. मागच्या रांगेतला एक तरुण अधिकारी, बाहेरगावचा, नम्रपणे उभा राहिला. "निरोप कुणी घेतला होता?" त्याने विचारलं. दाजींनी त्याच्या दिशेने मान वळवली, उघड्या डोळ्याच्या बाजूने. "कारकुनाने," ते म्हणाले. "कारकुनाचा दोष नाही. नियमाप्रमाणे लिहिलं होतं. शुद्ध, स्वच्छ अक्षरात." तरुणाने कागदावर काहीतरी टिपलं. प्रांतसाहेब घड्याळाकडे पाहून म्हणाले, "कुणाला आणखी काही विचारायचंय?" दाजींचा हात टेबलावर होता, नखांत अजून शाई. मी उठून उभी राहिले. मी तोंड उघडलं तेव्हा आवाज आमच्या घरातला निघाला, कचेरीतला नाही.

"दाजी," मी म्हटलं, "आईन दोनदा सांगल्यान. बाबलीन माका तसा सांगल्यान, नि मी तुमका सांगूक नाय. दोनदा म्हणजे काय ता तुमका म्हायत नव्हता. माका म्हायत होता."